फणीतलं रिकामं घर

वडगावच्या त्या गल्लीत सकाळी पॉवरलूम सुरू झाले की फळीवरची भांडीसुद्धा बोलू लागतात. शेजारणीला काही सांगायचं तर आधी तिच्या दंडाला हात लावावा लागतो, मग तोंड उघडावं लागतं. पण एवढ्या खडखडाटातही यमनाप्पाचा हातमाग चालू आहे की बंद, हे अख्ख्या गल्लीला कळायचं. त्याचा आवाज लंगडा होता. एक ठोका जड, एक हलका. एक जड, एक हलका. एकाहत्तरच्या लढाईत उजव्या पायात लोखंड शिरलं ते काही पुरतं निघालं नाही, आणि पावडी दाबताना त्या पायानं डाव्याची बरोबरी कधी केली नाही. मागाला पायाचं सगळं कळतं.

"सुभेदाराचा बँड सुरू झाला!" शेजारचा नागराज ओरडायचा.

"सुभेदार न्हाय रं, नुसता शिपाई!" यमनाप्पा आतून उत्तर द्यायचा. "मला बढती देणारा तू कोण?"

गेल्या आषाढात तो आवाज थांबला. पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा दुपारचं ताक पिऊन भिंतीला टेकला तो टेकलाच. रडून झालं, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. मग घराच्या लक्षात आलं की मागावर शेला अर्धाच राहिलाय.

हा शेला त्या घराचं व्रत होता म्हणा ना. वर्षातून एकदा यमनाप्पा साड्यांचं काम बाजूला सारायचा आणि एक शेला विणायचा. पांढरं सूत, हिरवा काठ. तो विकायचा नाही. अकरा डिसेंबरला, पायाला लागलं त्या तारखेला, घडी करून पिशवीत घालायचा, धुतलेली टोपी चढवायची, बस धरायची आणि आसपासच्या कुठल्या तरी म्हाताऱ्या सैनिकाच्या दारात जाऊन उभं राहायचं. माणूस शोधायचा तो बँकेतल्या पेन्शनच्या रांगेत. फोटो नाही, भाषण नाही. शेला त्याच्या खांद्यावर घालायचा, चहा प्यायचा, माघारी यायचं. असे बावन्न शेले त्यानं विणले.

का, असं कुणी विचारलं की गोष्ट ठरलेली. त्याची नात अंजनी लहानपणापासून त्याच्या मागाशेजारी बसून ती ऐकत आलेली.

"पूर्वेकडची आघाडी. भाताचं ओलं रान. पहाटंचं धुकं असं, की सोताचा हात दिसंना. आमी दोघं खड्ड्यात पडलेलो. कोन तरी आला, त्यानं मला खांद्यावर घेतला. तोंड दिसलं न्हाय, नाव इचारायचं भान न्हाय. माझं डोळं मिटाय लागलं की त्यो गानं म्हनायचा. गानं कसलं, जात्यावरची ओवी! एवढा दांडगा गडी, आनि बायकांची ओवी म्हनतोय. आईच्या मांडीवर ऐकली असंल."

मग धोटा थांबवून यमनाप्पा ती ओवी म्हणायचा. गळा काही बरा नव्हता, पण ओवीला गळा लागत नाही.

*दमला माझा बंधू, सांगा त्याला हळू चाल*
*वळणाच्या पल्याड गं, दिसती कौलं लाल लाल*

"तंबूतल्या दवाखान्यात मला टेकवलं आनि गेला. दोन वरसं त्याला हुडकला, पत्रं घातली. मग म्हटलं, त्यो सापडत न्हाय, तर जो सापडंल त्याला देऊ. खांदा कुनाचा का असंना."

म्हणून पहिला शेला, त्र्याहत्तर सालचा, कुणालाच दिलेला नव्हता. तो देव्हाऱ्याखालच्या पेटीत होता. तो त्या ओवीवाल्याचा.

अंजनी सात-आठ वर्षांची असताना एकदा मधेच म्हणाली होती, "आनि आज्जा, खड्ड्यातला दुसरा?"

यमनाप्पानं तिच्याकडं पाहिलं नाही. "त्यो धोटा दे हिकडं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माग चालला आणि म्हातारा बोलला नाही. पोरीनं पुन्हा विचारलं नाही.

आता ती एकोणतीस वर्षांची झाली होती. त्याच घरातल्या दुसऱ्या मागावर साड्या विणायची, आणि तिचा ठोका असा सारखा पडायचा की आज्जा चिडवायचा, "घड्याळ गिळलंस का गं?" नोव्हेंबरच्या शेवटी ती पहिल्यांदा त्याच्या मागाच्या खड्ड्यात उतरली. पाय पावडीवर ठेवले. जड ठोका दुखऱ्या पायाचा समजून उजवी पावडी जास्त झिजली असेल असं तिला वाटलं होतं. झिजली होती डावी.

समोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. यंदाचं नाव त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

*ज्योतिबा, कुरणवाडी, निपाणीच्या पुढं. दोनदा न्हाय म्हणाला. परत जायाचं.*

"असल्या मानसाच्या दारात कशाला जायाचं?" तिची आई सुवर्णा म्हणाली. "दुसरी म्हातारी मानसं काय कमी हाईत? आपून मानानं द्यायला जायाचं आनि त्यो तोंडावर न्हाय म्हनणार."

"आज्जानं लिवलंय."

"तुज्या आज्जाचं काय सांगतीस! त्यो दगडाकडं बी चहा मागंल."

"त्याचा शेवटचा शेला हाय आई. त्यानं ज्याचं नाव लिवलंय, त्यालाच जानार. तिसऱ्यांदा न्हाय म्हनला तर म्हनू दे."

सुवर्णानं मान वळवली. सासऱ्याची धुतलेली टोपी खुंटीवर तशीच होती, तिच्याकडं पाहत राहिली.

काम सुरू करायच्या आधी अंजनीनं विणलेल्या भागावरून हात फिरवला, आणि डाव्या काठाजवळ तिचं बोट अडखळलं. उभी बारीक रेघ. भांगासारखी. तिनं वाकून पाहिलं. मागाची फणी म्हणजे दाट दातांचा लांब कंगवाच. तिच्या प्रत्येक फटीतून, विणकर तिला घर म्हणतात, ताण्याचा एकेक उभा धागा येतो. डावीकडच्या एका घरात धागाच नव्हता. घर रिकामं होतं आणि शेला तसाच विणत आणला होता.

"आई, हे बघ. आज्जाला दिसलंच न्हाय."

"नजर गेलती गं त्याची," सुवर्णा हळहळली. "बोलायचा न्हाय, एवढंच."

विणकराच्या घरातल्या पोरीला पुढं काय करायचं ते सांगावं लागत नाही. अंजनीनं त्या रंगाचा, त्या जाडीचा धागा काढला, रिकाम्या घरातून ओवून घेतला, चालू विणीत टाचणीला गुंडाळून पक्का केला, आणि मागच्या टोकाला एक लहान वजन बांधून तो ताणून धरला. पहिल्या चार ठोक्यांतच रेघ बुजली. पुढचा सबंध अर्धा शेला निर्मळ उतरला. आज्जाचा अर्धा तसाच राहिला, त्याला इलाज नव्हता. घडी करताना तिनं तो भाग आत घेतला. म्हाताऱ्याची चूक चारचौघांत कशाला दाखवायची?

अकरा तारखेला सकाळी तिनं पिशवी उचलली.

"घेतला तर फोन कर," सुवर्णा म्हणाली.

"आनि न्हाय घेतला तर?"

"तरी बी कर. जेवायला काय करायचं ते बघते."

निपाणीच्या बसमध्ये बायकांची गर्दी होती. आधार कार्ड दाखवलं की तिकीट फुकट, तेव्हापासून प्रत्येकीला माहेराची आठवण जास्त येऊ लागली आहे, असं कंडक्टर म्हणत होता आणि बायका त्याला हसत होत्या. निपाणीत उतरून तिनं वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप धरली. कुरणवाडीत ज्योतिबा हवालदाराचं घर कुणीही दाखवलं. अंगणात उन्हाला बसून एक उंच, वाळका म्हातारा भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

"कोन गं?"

"वडगावास्नं आले. यमनाप्पाची नात."

त्यानं तिच्याकडं नाही, पिशवीकडं पाहिलं. "आला का त्यो परत! ह्या खेपंला नातीला पाठवलं व्हय? सोता कुठं हाय? वळनावर लपून बसलाय?"

"आज्जा गेला, आजोबा. आषाढात."

म्हाताऱ्याच्या बोटांतली शेंग फुटायची राहिली. ती त्यानं हळूच पाटीत टाकली.

"बस," तो म्हणाला.

त्याची सून रूपाली चहा घेऊन आली. येताना दारातूनच तिनं सगळं ऐकलं होतं. "मामंजी, आता तरी घ्या की. गेलेल्या मानसाशी कसली जिद्द?"

"तू चहा आन जा."

"आनला की! तुमच्याच हातात हाय."

ज्योतिबानं हातातल्या कपाकडं पाहिलं आणि तो खाली ठेवला. मग अंजनीशी बोलू लागला, पण नजर पाटीतल्या शेंगांवर.

"तुजा आज्जा लई चांगला मानूस. पैल्या वरसाला आला, मी न्हाय म्हटलं. गेल्या वरसाला आला, न्हाय म्हटलं. रागावला न्हाय. चहा प्याला, शेंगा खाल्ल्या, म्हनला, बरं हाय, येतो परत. पर पोरी, तुज्या आज्जाला सांगितलं त्येच तुला सांगतो, त्याला कुनी तरी उचलून आनलं. शेला त्या उचलून आननाऱ्या मानसाचा. मी सोडून आलेला मानूस हाय."

रूपाली रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली. बावीस वर्षं ती या घरात होती. हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"नागेंद्र म्हनून होता. मळवडचा, चिकोडीच्या वाटंवर. एका दिशी भरती झालो, एका ताटात जेवलो. आमी पश्चिमंला होतो, वाळूत. त्याला पोटात लागलं. मला म्हनला, तुज्याच्यानं एकट्यानं व्हायचं न्हाय, जा, कुनाला तरी घिऊन ये. मी गेलो. चार मानसं घिऊन आलो, तर वाऱ्यानं समदं सारखं करून टाकलेलं. वाळूला खूण ऱ्हात न्हाय. हुडकला, लई हुडकला. मग हुकूम आला, पुढं चला." त्यानं एक शेंग उचलली, परत ठेवली. "त्याची धाकटी भन मळवडातच दिलीया. शेवंता. चिकोडीची बस तिच्या दारावरनं जाती. चोपन्न वरसं झाली. ते घर आलं की मी तोंड दुसऱ्या खिडकीकडं करतो."

अंगणात कोंबड्या टरफलं उकरत होत्या. असं काही ऐकल्यावर हात मोकळे ठेवता येत नाहीत, म्हणून अंजनीनं पिशवीतून शेला काढला आणि नुसताच मांडीवर उलगडला. घडी मोडली तसा आतला भाग वर आला.

ज्योतिबानं मान तिरकी केली. "ही रेघ कसली गं?"

"खोट हाय आजोबा," ती ओशाळली. "फणीतलं एक घर रिकामं ऱ्हायलं. आज्जाची नजर गेलती. पुढचं मी भरून घेतलंय, हे बघा, हितनं पुढं साफ हाय."

ज्योतिबानं बोट रेघेवर ठेवलं आणि सरळ पुढं नेलं. शेल्याच्या मध्यावर ते थांबलं. "हितं बुजली व्हय," तो म्हणाला.

आणि अंजनीला आज्जाची गोष्ट आठवली. आमी दोघं खड्ड्यात पडलेलो. दोघं. त्यानं मला खांद्यावर घेतला. हजारदा ऐकलेल्या गोष्टीतला तो शब्द आज तिला पहिल्यांदा ऐकू आला.

तिनं फोन लावला. पलीकडं गल्लीतले पॉवरलूम खडखडत होते.

"घेतला?" सुवर्णा ओरडली.

"थांब जरा. आई, पेटीतला पैला शेला काढ. त्र्याहत्तरचा. डावा काठ बघ."

"आत्ता? अगं, पिठाचा हात हाय माझा."

"धू की! आनि बघ."

नळाचा आवाज आला, पेटीचं झाकण करकरलं. मग नुसताच मागांचा खडखडाट. मग सुवर्णा बोलली, आणि आता ती ओरडत नव्हती. अंजनीला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"हाय गं. काठाजवळ रेघ हाय. ह्या टोकापासनं त्या टोकापतोर."

त्र्याहत्तर साली यमनाप्पा तेवीस वर्षांचा होता. त्या वयात त्याची नजर अशी होती म्हणतात, की काळ्या ताण्यात अडकलेला काळा केस तो दिव्याशिवाय वेचायचा.

अंजनीनं फोन खाली ठेवला. "आजोबा, नजर गेली नव्हती त्याची. खड्ड्यात दुसरा एक होता. उचलनाऱ्याला एकच खांद्यावर घेता आला. दुसऱ्याचं काय झालं ते आज्जानं कधी सांगितलं न्हाय, मला वाटलं त्याला सांगायचंच न्हाय. त्यो तर बावन्न वरसं सांगत होता. दर शेल्यात त्याची जागा सोडत होता." मग तिला स्वतःचाच राग आला. "आनि मी शहाणीनं ती भरून टाकली! तुमी चालत आलासा, त्यो खांद्यावर बसून आला. मागं तर दोघांचं बी कोन तरी ऱ्हायलंच की. म्हनून तुमी न्हाय म्हनला तरी त्यो परत परत येत होता."

म्हाताऱ्याचं बोट अजून तिथंच होतं, रेघ बुजली त्या जागी.

"वैनी, बारीक सुई हाय?" अंजनीनं विचारलं. "आनि कातर."

विणलेल्या कापडातून एकच उभा धागा काढणं हे घाईचं काम नव्हे. ओढला तर चुण्या पडतात, जास्त ओढला तर तुटून आतच बसतो. सुईनं उचलायचा, वीतभर अंतरावर कातरायचा आणि श्वास धरून सोडवून घ्यायचा. मग पुढची वीत. कापड ताठ धरायला कुणीतरी लागतं. तिनं वर पाहिलं, तोवर ज्योतिबानं दोन्ही हातांनी काठ धरला होता.

"असा?"

"असाच. जरा सैल. हां."

काम करताना ती गुणगुणू लागली, मागावर बसल्यासारखी. तिच्या ध्यानातही आलं नाही. रूपाली उंबऱ्यावर टेकली. चहावर साय धरली. ऊन अंगणाच्या अर्ध्यातून भिंतीवर चढलं, तेव्हा शेवटचा तुकडा सुटला. अंजनीनं शेला उन्हात धरला. जमिनीवर त्याची सावली पडली, आणि सावलीतून उजेडाची एक दोरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हळू चाल म्हनत व्हतीस ती ओवी कुनाची?" ज्योतिबानं विचारलं.

"ज्यानं आज्जाला आनला, त्याची."

"हं." तो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, टप्प्याटप्प्यानं. "त्याची घडी कर. माझ्या खांद्यावर घालू नगंस."

अंजनीनं मान खाली घातली. तिसऱ्यांदा न्हाय. तिनं घडी केली, आणि या खेपेला रेघ वर ठेवली.

"रूपाली, माझी टोपी दे. धुतलेली."

"कुठं निघालासा?"

"निपाणीवरनं चिकोडीची बस किती वाजता हाय?" तो म्हणाला. मग अंजनीकडं वळला. "आधी शेवंताच्या दारात जायाचं. ती म्हनली घाला, तर घालीन. ती न्हाय म्हनली तर तुला माघारी न्यावा लागंल. चालंल?"

"चालंल की, आजोबा."

"आनि तू संगं यायाचं. मला एकट्याला उतराय व्हनार न्हाय."

बसमध्ये कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, कुठं. ज्योतिबाला दोनदा प्रयत्न करावा लागला. "मळवड," तो म्हणाला, आणि हे गाव आपल्या तोंडून निघालं म्हणून स्वतःच दचकल्यासारखा झाला. उसाच्या बैलगाड्या मागं पडल्या, एक पूल गेला. पुढच्या वळणावर बस वाकली आणि चिंचेच्या आडून चार-पाच घरं दिसली, कौलारू, दुपारच्या उन्हात लाल. अंजनी त्याच्याकडं पाहत होती. त्यानं तोंड फिरवलं नाही.

अंगणात एक ठेंगणी म्हातारी वाळवणावरची कबुतरं हाकलत होती. दोन परकी माणसं पाहून तिनं कपाळावर हात धरला.

"शेवंता," म्हातारा फाटकातच थांबून म्हणाला, "मी ज्योतिबा."

ती जवळ आली. त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "कुरनवाडीचा? दादाच्या पत्रातला?"

त्यानं नुसती मान हलवली.

"दर पत्रात तुजं नाव असायचं रं," ती म्हणाली. "ज्योतिबा असा, ज्योतिबा तसा, ज्योतिबानं माझ्या वाटनीचा गूळ खाल्ला. मी आईला म्हनायची, त्यो यील आनि समदं सांगंल. आई वाट बघून गेली. मी बी आता म्हातारी झाले की." तिनं पदरानं डोळे पुसले आणि तोच पदर झटकून ओसरीवरचा बाक पुसला. "बस. उभा का? का आता पत्रच पाठवनार हाईस?"

तो बसला. अंजनीनं शेला तिच्या हातात दिला आणि दोन वाक्यांत सांगितलं तो कुणाकडून आला ते. शेवंतानं घडी मोडली, कापड कौतुकानं चाचपलं, आणि तिचंही बोट तिथंच अडखळलं.

"हितं धागा न्हाय गं."

अंजनी बोलणार होती. पण ज्योतिबा आधी बोलला.

"असू दे. नागेंद्राची जागा हाय ती."

शेवंतानं त्या रेघेवरून एकदा हात फिरवला. मग तिनं शेला दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खांद्यावर घातला, लहान पोराला घालावा तसा ओढून सारखा केला, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. "आता सांग," ती म्हणाली. "भरतीच्या दिसापासनं सांग. काय बी गाळू नगंस. गुळाचं बी सांग."

पिशवीत फोन थरथरला. सुवर्णाचा निरोप होता: *घेतला का गं? भाकरी किती टाकू?*

*व्हय*, अंजनीनं लिहिलं. *तुमी जेवून घ्या. मला यायला उशीर हाय, आत्ता कुठं सुरू झालंय.*